दुखवटा कोणी काढायचा

कॅम्प नंबर ३, अरुणाचल
८ जानेवारी

ताई,

तर मग रस्ता काय मी बंद केलेला? दर पत्रात तेच. ‘निदान तेराव्याला तरी यायचं होतंस.’ मार्चात इथे बर्फ पडतो, दरड येते, कॅम्पातून कुत्रं पण बाहेर जात न्हाय, हे मी तीन वेळा लिहिलंय. आता चौथ्यांदा लिहितो आणि बस करतो. आई गेली ते कळलं तेव्हा रस्ता बंद होता. मी मुद्दाम आलो न्हाय असं तू थळच्या मामाला सांगितलंस ते पण मला कळलं. मामाने मला फोनवर काय काय ऐकवलं ते लिहित न्हाय, कागद फाटेल.

महिन्यातून एकदा खाली रेंजमध्ये उतरतो तेव्हा तुला फोन लावतो. तू रडतेस, मी कट करतो. बाबांना फोनवर ऐकू येत न्हाय. म्हणून हा कागद. आठवी नापास माणसाला तुम्ही पत्रं लिहायला लावलीत. रेशनचा ट्रक खाली जातो तेव्हा ड्रायव्हर पोस्टात टाकतो, दहा दिवसांनी तुला मिळतं, तोवर मी काय लिहिलेलं ते मलाच आठवत न्हाय.

बाबांचं सांग. दहा महिने झाले, अजून उघड्या डोक्याने फिरतात म्हणे. पंचायतीचा शिपाई उन्हातान्हात गावभर पाणी सोडत फिरतो आणि डोक्यावर टोपी न्हाय. लोक मला शिव्या घालत असतील. मामाने आणलेली ना टोपी? मग घातली का न्हाय? तू काय लहान हायस काय, घालायची जबरदस्तीने.

इथे बरं हाय. डंपर चालवतो. बोगद्यात सुरुंग लावतात, त्याने डाव्या कानाला दडा बसल्यासारखा झालाय. बाकी काय न्हाय. झोप लागते. भूक पण लागते.

गणराज


कुरणवाडी
२३ जानेवारी

चि. गणू,

जबरदस्तीने म्हणतोस. बाबांना कधी कोणी जबरदस्तीने काही घातलंय का? ताप आला तर स्वेटर घालत नाहीत.

तुला माहीत नसेल तर सांगते, कारण तू तिथे नव्हतास. मामा तेराव्याला दोन टोप्या आणि दोन टॉवेल घेऊन आला. बाप-लेकाला पाटावर शेजारी बसवून टोपी घालायची, म्हणजे घरचा दुखवटा निघाला, ही आपल्यातली रीत. बाबा पाटावर बसले. शेजारचा पाट रिकामा. मामाने टोपी पुढे केली तेव्हा बाबांनी ती हातात घेतली, घडी केली आणि म्हणाले, “दोघांची एकदम घालायची. पोरगा आल्यावर बघू.” दोन्ही टोप्या आईच्या ट्रंकेत ठेवल्या. त्या तिथेच आहेत. मी भांडून थकले.

आणि दुसरं. चौलच्या प्रणयच्या घरून दोनदा निरोप आला. प्रणयला मी पसंत आहे, मलाही तो आहे. पण त्याची आई म्हणते, ज्या घरातला दुखवटा निघाला नाही तिथे सुपारी फोडायला कसं यायचं? दिवाळीपर्यंत थांबले, आता मार्चपर्यंत थांबतो म्हणतात. पुढचं त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

आता गावात काय चाललंय ते ऐक. परवा देशाचा एवढा मोठा माणूस गेला, ते तुमच्या कॅम्पात कळलं असेल. सात दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा. तहसीलचं परिपत्रक मोबाइलवर आलं, ते मीच प्रिंट काढून सरपंच किशोरीताईंना दिलं. कॉम्प्युटरवालीला पगार चार महिन्यांनी मिळतो, पण परिपत्रक आधी तिलाच मिळतं. २१ला सकाळी तातडीची सभा. पत्रात लिहिलेलं की जिथे झेंडा रोज फडकतो तिथे तो अर्ध्यावर आणावा. ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले, “आपल्याकडे रोज कुठे फडकतो? वर्षातून तीनदा. आपल्याला लागू नाही.” सगळे उठायला लागले. तेवढ्यात शेजारच्या पंचायतीने अर्ध्यावरच्या झेंड्याचा फोटो ग्रुपवर टाकला. किशोरीताई म्हणाल्या, “बसा खाली सगळे. त्यांच्यापेक्षा आपण कमी दुःखी आहोत काय?”

झेंडा चढवायचा तर कप्पी खाऱ्या हवेने गंजून बसलेली. रेवदंड्याहून होडीची जुनी कप्पी आणली, बाबांनी खोबरेल घालून ती फिरती केली. मग अर्धं म्हणजे किती यावर वाद. तुकाराम आजा म्हणाला, चौथऱ्यासकट मोजा. भाऊसाहेब म्हणाले, नुसता खांब मोजा. शेवटी बाबांनी खांबाएवढी दोरी घेतली, दुमडली, आणि जिथे घडी आली तिथे खांबाला लाल धागा बांधला. झालं अर्धं.

भाऊसाहेब झेंडा थेट धाग्यापर्यंत नेऊन थांबवणार होते. बाबांनी त्यांचा हात धरला. “अर्ध्यावर आनायचा असला तरी आधी पार वर न्यावा लागतो, भाऊसाहेब. टोकाला टेकवायचा, मग खाली. आनि संध्याकाळी उतरवतानी पन तसंच, आधी वर.” तीस वर्षांत हे तिसऱ्यांदा करतायत, त्यांना पाठ आहे. ऐकू येत नाही त्यामुळे बोलतातही मोठ्याने. सगळं गाव ऐकत होतं.

सरपंच चषक चालू आहे. सामने बंद केले तर मुंबईचे संघ पैसे परत मागतील. म्हणून ठरलं की मॅच चालू, कॉमेंट्री बंद, चौकार गेला तरी कोणी ओरडायचं नाही. मी काल थोडा वेळ बघितली. बॉल बाउंड्रीपार गेला, सगळे उभे राहिले आणि परत खाली बसले. बघवलं नाही मला, घरी आले.

मग तुकाराम आजाने सभेत हात वर केला. “सात दिवस दुखवटा पाळायचा, मान्य. पन आठव्या दिवशी काढायचा कोनी? टोपी कोन आननार?” सगळे हसले. भाऊसाहेब म्हणाले, “आजा, हा सरकारी दुखवटा. तो आपोआप संपतो.” आजा म्हणाला, “आपोआप? मानूस गेल्यावर आपोआप काय संपतंय? मनुबाईला जाऊन दहा महिने झाले, बघा रावजीकडं.” मग कोणी हसलं नाही. बाबा दाराशी उभे होते. त्यांना काय ऐकू गेलं देव जाणे.

हसण्यावारी न्यायची सोय पण नव्हती, कारण २९ला किशोरीताईंच्या पुतण्याची हळद आहे. बायका म्हणायला लागल्या, गावाचा दुखवटा निघाल्याशिवाय हळद कशी लावायची? तेव्हा ठराव झाला की २८ला पंचायतीच्या ओट्यावर टॉवेल-टोपी करून दुखवटा काढायचा. कोणाला टोपी घालायची? तर ज्याने सात दिवस झेंड्याची दोरी धरली त्याला. म्हणजे बाबांना.

बाबा घालणार नाहीत हे मला माहीत आहे. भाऊसाहेबांनाही माहीत आहे. मधेच २६ जानेवारी येतेय. त्या दिवशी दुखवटा असला तरी झेंडा पूर्ण वर, दुसऱ्या दिवशी परत अर्ध्यावर. दुःखाला मधे एक दिवस सुट्टी. भाऊसाहेबांनी बाबांना कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं, ‘गणराज्य दिनी गणवेश व टोपी अनिवार्य.’ त्यांना साधे शब्द आवडत नाहीत. बाबांनी वाचलं, कागद खिशात घातला, पंप चालू करायला गेले.

तू ये. दोन दिवसांसाठी ये. पाटावर बस आणि जा. माझं काही म्हणणं नाही मग.

तुझी ताई


कॅम्प नंबर ३
३ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र काल मिळालं. तोवर २६ पण गेली न २८ पण. आता मी काय सांगणार? बाबांनी टोपी घातली असेल न्हायतर नसेल.

आमच्याकडे दुखवटा म्हणजे सुपरवायझरने बोगद्यात दोन मिनिटं मशीन बंद केली. सगळे खाली बघून उभे. दोन मिनिटांनी परत चालू. कानात आवाज मधे पण चालूच होता. वर फौजेची चौकी हाय, तिथला झेंडा डंपरमधून दिसतो. अर्ध्यावर होता. २६ला वर गेला. मी बघितलं तेव्हा बाबा आठवले. लहानपणी बाबा मला खांद्यावर घेऊन शाळेत न्यायचे आणि म्हणायचे, ‘आज गणराज्य दिन, म्हणजे माझ्या गणराजचा दिन. बघ, सगळ्या देशाने झेंडा लावला तुझ्यासाठी.’ पाचवीपर्यंत मला ते खरं वाटायचं. मग मास्तरांनी वर्गात विचारलं तेव्हा मी सांगितलं, न पोरं तीन वर्षं हसली.

प्रणयच्या घरच्यांनी माझ्यासाठी थांबायचं कारण न्हाय. तुझं माझ्यामुळे अडलंय असं लिहू नकोस. मला ते वाचून काही होत न्हाय, पण लिहू नकोस.

मार्चात सुट्टी मागितली तर ठेकेदार म्हणतो, गेलास तर परत येऊ नकोस. मागच्या वेळेला पण तेच... मागच्या वेळेला रस्ता बंद होता. ते सोड.

बाबांना टोपी घालायला सांगणारा मी कोण? घालू दे न्हायतर उघडे राहू दे. ज्याचं त्याचं डोकं.

गणराज


कुरणवाडी
१५ फेब्रुवारी

चि. गणू,

पत्र पोचलं. मी मुद्दाम लिहायची थांबले होते. वाटलं, पत्राऐवजी तूच येशील. नाही आलास.

आधी २६चं सांगते. बाबा गणवेश घालून आले, इस्त्रीचा, बटणं लावलेली. डोकं उघडं. भाऊसाहेब तोंड उघडणार एवढ्यात किशोरीताईंनी त्यांना डोळ्यांनी गप्प केलं. शाळेची पोरं रांगेत होती. बाबांनी दोरी सोडवली, ताईंनी ओढली, झेंडा लाल धागा ओलांडून वर गेला. दुसऱ्या दिवशी परत धाग्यावर. संध्याकाळी बाबांनी तो शेवटचा टोकाला टेकवला, उतरवला, घडी करून कपाटात ठेवला, आणि खांबावर चढून धागा सोडून आणला. साठीला आलेला माणूस एका धाग्यासाठी खांबावर चढला. म्हणे, “बांधलेलं सोडायला लागतं.”

२८ला दहा वाजता ओट्यावर पाट मांडला. आलेली माणसं वीस-पंचवीस असतील. भाऊसाहेबांनी नागावच्या दुकानातून टोपी आणि टॉवेल आणलेला, टोपी साठची, टॉवेल एकशेवीसचा. वहीत ‘ध्वज व्यवस्था’ म्हणून लिहिलं, कारण दुखवट्याच्या टोपीला सरकारात रकाना नाही. बाबांना हाताला धरून पाटावर बसवलं. मला वाटलं, आता हे घडी करतील आणि पंचायतीच्या कपाटात ठेवतील. म्हणजे तिसरी टोपी.

तुकाराम आजाने टोपी पुढे केली. बाबांनी ती बघितली, हात लावला नाही. मोठ्याने विचारलं, “कोनाची ही?”

आजा भाऊसाहेबांकडे बघायला लागला. आणि भाऊसाहेबांना तर तू ओळखतोस. सरकारची म्हणाले असते, पंचायतीची म्हणाले असते तर झालं असतं. ते बाबांच्या कानाशी वाकले आणि ओरडले, “गणराज्याची आहे, रावजी! गणराज्याची!”

बाबा थांबले. मग म्हणाले, “गणराजची?”

भाऊसाहेबांना वाटलं बरोबर ऐकलं. त्यांनी जोरात मान हलवली. “हो, हो!”

बाबांनी डोकं वाकवलं, गणू. आजाने टोपी घातली. बाबांनी दोन्ही हातांनी ती नीट केली आणि विचारलं, “आला न्हाय तो?” मग स्वतःच म्हणाले, “धाडली ना पन. त्याच्याकडून आली म्हंजे त्याने घाला म्हटलं.” उठले आणि पाणी सोडायला गेले. वेळ झालेली.

मी तिथेच खुर्चीवर बसलेले. मला तेव्हाच कळलं. मी उठले नाही, सांगितलं नाही. आजालाही कळलं असावं, तो माझ्याकडे बघून तंबाखू मळत राहिला.

आता बाबा पाणी सोडायला जातात तेव्हा दर दारात थांबून सांगतात, “गणूने धाडली. अरुणाचलवरनं.” टोपीच्या आत नागावच्या दुकानाचा शिक्का आहे. तो मी ब्लेडने खरवडून काढला. प्रणयच्या आईच्या कानावर गेलं, तिने निरोप पाठवलाय की आता यायला हरकत नाही. पुढच्या महिन्यात येतील.

म्हणजे माझं सगळं आता एका चुकीच्या ऐकण्यावर उभं आहे. कधी वाटतं की बाबांना नीट ऐकू आलं होतं. वाटतं आणि जातं. विचारायची हिंमत नाही.

तू ठरव. खरं सांगायचं असेल तर तसं लिही, मी पाटीवर लिहून बाबांना दाखवते. टोपी उतरेल, चौलचे लोक परत जातील, पण खोटं राहणार नाही. रोज त्यांच्या डोक्याकडे बघून जेवण जात नाही मला.

तुझी ताई


कॅम्प नंबर ३
२७ फेब्रुवारी

ताई,

पत्र तीन दिवस खिशात होतं. बोगद्यात दोनदा वाचलं.

मामाला जे सांगितलंस ते खरं होतं. रस्ता पाचव्या दिवशी खुलला. मी निघालेलो. ठेकेदार बोंबलत होता, तरी निघालो. गुवाहाटी स्टेशनबाहेर न्हाव्याकडे डोकं भादरून घेतलं. पनवेलला उतरलो, एस्टीने वडखळला आलो. तेराव्याच्या दिवशी सकाळी नऊला मी वडखळ नाक्यावर उभा होतो. अलिबागची गाडी लागलेली. जागा होती. मी चढलो न्हाय. दुसरी पण गेली. तिसऱ्या गाडीचा कंडक्टर म्हणाला, “येनार का पाहुने?” मी मान हलवली, हो का न्हाय ते त्याला पण कळलं नसेल. वडापाव खाल्ला. तिखट होता, एवढं आठवतं. मग पनवेलची गाडी आली त्यात बसलो.

का ते विचारू नकोस. वर्षभर मी पण विचारलंय. रडू येत नव्हतं, भीती पण वाटत नव्हती. नुसते पाय उचलत नव्हते. तू दुसरा पाट रिकामा होता असं लिहिलंस, तेव्हा मी तिथून तासाभरावर होतो. डोकं भादरलेला.

तेव्हापासून इथे मी कोणासमोर टोपरं काढत न्हाय. केस आले कधीच, तरी काढत न्हाय. थंडी हाय म्हणून चालून जातं.

बाबांच्या उघड्या डोक्याचा मला राग यायचा असं मी लिहीत आलो. राग न्हाय. ते उघडे हायत तोवर माझी वाट हाय असं वाटायचं. आता ते घालून बसले. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, बरं, सुटले माझ्यापासून. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा काय वाटलं ते लिहिता येत न्हाय.

बाबांना पाटीवर काही लिहून दाखवू नकोस. बाबा एवढे पण बहिरे न्हायत. माझ्या नावाने लहानपणी सगळ्या देशाला झेंडा लावायला लावलेला त्या माणसाने, त्याला ज्य आणि जमधला फरक कळत नसेल? मला माहीत न्हाय. तू म्हणतेस तसं, विचारायची हिंमत न्हाय.

पण चोरीची टोपी नको. ती पंचायतीची हाय, तुमच्या वहीत लिहिलेली हाय. प्रणयच्या घरचे यायच्या आत भाऊसाहेबांकडे जा आणि टोपी-टॉवेलाचे पैसे भर. ऐकणार न्हाईत, म्हणतील ध्वज व्यवस्थेत खर्च पडला, परत घेता येत न्हाय. तर किशोरीताईंना सांग, त्या बघतील. पावती फाडून घे. पावतीवर रावजीचा मुलगा गणराज असं लिही. भाऊसाहेबांना लिहायला देऊ नकोस, ते शेवटी ज्य लावतील. तू स्वतः लिही. आणि पावती टोपीच्या आत जिथे शिक्का खरवडलास तिथे शिवून टाक, म्हणजे आजपासून ती खरंच माझ्याकडून आली.

मामाने माझ्यासाठी आणलेली टोपी ट्रंकेत राहू दे. बाहेर काढू नकोस, मामाला परत पण देऊ नकोस. तुझी सुपारी कधी ते कळव. येतो असं लिहीत न्हाय. वडखळच्या पुढचं मी काही लिहीत न्हाय.

ट्रक निघायचाय, ड्रायव्हर हॉर्न मारतोय. बाकी पैसे महिन्याच्या शेवटी नेहमीसारखे खात्यात येतील, ते घरखर्चाचे, यात मिसळू नकोस. हे वेगळे, पाकिटात कागदाच्या घडीत ठेवलेत. शंभराची एक, पन्नासची एक, दहाच्या तीन. एकशेऐंशी रुपये.

गणराज